आकाशाची खानेसुमारी

मोजण्याची हौस काही माणसांना उपजतच असते. जिना चढताना पायऱ्या मोजणारे, फाटकाशी उभे राहून मालगाडीचे डबे मोजणारे आणि पंगतीत शेजारच्या पानावरल्या जिलब्या मोजणारे लोक तुम्ही पाहिले असतीलच. मी त्यांच्याच गोत्रातला. ३६ वर्षं पुण्यात शाळामास्तरकी केली, आणि शाळामास्तराच्या नशिबी खानेसुमारी ठेवलेलीच असते. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन खानेसुमाऱ्यांत मी बगलेत कागदांचा गठ्ठा मारून दारोदार हिंडलो. माझे सहकारी त्या कामाला नाकं मुरडीत. मला मात्र तीन आठवडे कसे गेले ते कळत नसे. प्रत्येक दार म्हणजे एक नवी गोष्ट. शिवाय ती सांगणाऱ्याला चहा पाजण्याचीही हौस असते!

निवृत्तीनंतर ही हौस भागायची कशी, हा प्रश्न होता. तो सोडवला आमच्या नातीनं. जुई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होती. एके दिवशी तिनं मला संगणकापुढे बसवलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हांला खानेसुमारी आवडते ना? मग ही करा."

"कुठल्या प्रभागाची?"

"आकाशाची."

अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी २०१७ साली 'बॅकयार्ड वर्ल्ड्‌स' नावाचा एक उपक्रम सुरू केला. बॅकयार्ड म्हणजे आपलं परसदार. सूर्याच्या परसदारात, अगदी हाकेच्या अंतरावर, कोण कोण दडून बसलंय ते शोधायचं. आकाशाच्या एकाच तुकड्याची, वेगवेगळ्या वर्षी घेतलेली चित्रं एकापाठोपाठ एक डोळ्यांपुढून सरकतात. हजारो ठिपके आपापल्या जागी गप्प बसलेले असतात. त्यांतला एखादा जर जागा सोडून हळूच सरकताना दिसला, तर त्यावर खूण करायची. पदवी विचारीत नाहीत, वय विचारीत नाहीत, फी घेत नाहीत. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "फुकट आहे ना? मग बसा खुशाल. निदान माझ्या डब्यांतल्या पुऱ्या तरी मोजणार नाही."

हे सरकणारे ठिपके कोण, हे सांगायचं तर थोडं मागं गेलं पाहिजे.

ताऱ्यांची वर्गवारी फार जुनी नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत अ‍ॅनी कॅनन नावाच्या एक बाई होत्या. त्यांना ऐकू जवळजवळ येत नसे. ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट काचेच्या तबकड्यांवर उमटवलेले असत. ते भिंगाखाली धरून बाईंनी जन्मभरात सुमारे साडेतीन लाख तारे ज्याच्या त्याच्या वर्गात बसवले. एका मिनिटात तीन-तीन तारे! आम्हां मास्तरांना एका तासात चाळीस मुलांची हजेरी घेताना घाम फुटतो. वर्गांची नावं मात्र मोठी विचित्र: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. आधी ती सरळ एबीसीडीच्या क्रमानं होती. पुढं ताऱ्यांना तापमानाप्रमाणे ओळीत उभं करायचं ठरलं, काही अक्षरं गळली, उरलेल्यांची उलथापालथ झाली. हजेरीपटावरल्या मुलांना कवायतीसाठी उंचीप्रमाणे उभं केलं की नावांचा क्रम बिघडतो, तसंच हे. चित्रा बी वर्गात, व्याध आणि अभिजित ए वर्गात, आपला सूर्य जी, रोहिणी के, आणि लालसर आर्द्रा एम. एमपाशी ओळ संपायची. त्याहून थंड तारा कुणी पाहिलेलाच नव्हता, तेव्हा त्यासाठी वर्ग काढणार कोण?

पण एखादा विद्यार्थी वर्गात दिसत नाही म्हणून तो जन्मलाच नाही, असं थोडंच आहे? शिव कुमार नावाच्या भारतीय वंशाच्या एका तरुण शास्त्रज्ञानं १९६२-६३ च्या सुमारास अमेरिकेत बसून कागदावर एक हिशेब मांडला. वायूचा ढग आकसत आकसत जाऊन तारा होतो. त्याच्या पोटात इतका दाब आणि इतकी उष्णता निर्माण होते की हायड्रोजनचा हेलियम होऊ लागतो आणि तारा पेटतो. पण ढगच मुळात लहान असला तर? सूर्याच्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांहूनही कमी असला, तर त्याचं आकसणं मध्येच थांबतं आणि हायड्रोजन काही कायमचा पेट घेत नाही. असा गोळा जन्मतः तापलेला असतो, आणि मग अब्जावधी वर्षं नुसता निवत राहतो. आकारानं साधारण गुरू ग्रहाएवढा, वजनानं मात्र गुरूच्या अनेक पटींनी भारी. जिल टार्टर या विदुषीनं १९७५ साली या मंडळींचं बारसं केलं, 'ब्राउन ड्‌वार्फ', म्हणजे तपकिरी खुजे तारे. लाल खुजे तारे आधीच ठाऊक होते, काळं नाव दुसऱ्याच कामासाठी वापरात होतं. म्हणून मधला तपकिरी रंग.

नाव ठेवलं, पण बाळ कुठं होतं? पुढली वीस वर्षं लोक शोधीत राहिले.

ते का दिसत नव्हते, हे मला वाचून समजण्याआधी आठवणीनं समजलं. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात चूल होती. रात्रीची जेवणं उरकली की माझी आत्या धगधगते निखारे राखेखाली पुरून ठेवी. पहाटे स्वयंपाकघरात काळोख असे. चुलीत काही दिसत नसे, राखच ती. आत्या त्या राखेवर वीतभर अंतरावर तळहात धरी, क्षणभर थांबे आणि म्हणे, "आहे अजून." मग फुंकणी घेऊन बसे. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते तिच्या तळहाताला दिसत होतं.

विल्यम हर्शेल या ज्योतिष्यानं १८०० साली हेच केलं. लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून उष्णता मोजली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथंही थर्मामीटर ठेवून पाहिला, तर पारा सगळ्यांत जास्त चढला! हेच अवरक्त किरण. तारा जितका थंड, तितका त्याचा प्रकाश तांबड्याच्या पलीकडे सरकत जातो. तपकिरी ताऱ्यांचं जे काही सांगणं आहे ते बहुतेक सारं याच न दिसणाऱ्या भाषेत असतं. आम्ही डोळे ताणून ज्योत शोधीत होतो; तिथं राखेवर तळहात धरायला हवा होता.

१९९५ साली अखेर दोन पक्के तपकिरी तारे जाहीर झाले. एक कृत्तिकांच्या पुंजक्यातला 'तैदे १'. दुसरा 'ग्लीझ २२९ बी', एका लाल ताऱ्याचा सोबती, आपल्यापासून सुमारे १९ प्रकाशवर्षांवर. या दुसऱ्याच्या वर्णपटात मिथेन सापडला. मिथेन म्हणजे आपल्या गोबर-गॅसमधला वायू; खऱ्या ताऱ्याच्या भट्टीत तो टिकूच शकत नाही. गुरूवर मात्र तो आहे. तेव्हा हा गोळा तारा आणि ग्रह यांच्या मधल्या ओसरीवर बसलेला आहे, हे स्पष्ट झालं.

मग खरी खानेसुमारी सुरू झाली. १९९७ ते २००१ या काळात अ‍ॅरिझोनात एक आणि चिलीत एक अशा दोन दुर्बिणींनी अवरक्तात सबंध आकाश पालथं घातलं आणि सुमारे ४७ कोटी ठिपक्यांची नोंद केली. डेव्ही कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ढिगातून थंड ठिपके वेचून काढले. ते एम वर्गात बसेनात. एम ताऱ्यांची ओळख म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या खुणा. इथं त्या नाहीशा झालेल्या होत्या. तेव्हा त्यांना एममध्ये कोंबायचं, की नवा वर्ग काढायचा? त्यांनी १९९९ साली नवे वर्ग सुचवले. एननं सुरुवात करावी तर एन, आर, एस ही अक्षरं आधीच दुसऱ्या ताऱ्यांनी अडवलेली. म्हणून एल, त्याच्या पुढं टी, आणि शेवटी वाय. एल म्हणजे साधारण १९०० ते १००० अंश सेल्सिअस; यांच्या वातावरणात तापलेल्या खनिज-धुळीचे आणि वितळलेल्या लोखंडाच्या थेंबांचे ढग असतात. टी म्हणजे मिथेनवाले, हजार अंशांपासून दोनशेच्या आसपास. वाय त्याहूनही थंड. वायची खोली तर बांधून ठेवली होती, पण तीत राहायला कुणी आलेलं नव्हतं.

ते भाडेकरू मिळवून दिले 'वाइज' नावाच्या एका कृत्रिम उपग्रहानं. १४ डिसेंबर २००९ रोजी तो वर गेला. त्याच्या दुर्बिणीचा आरसा अवघा ४० सेंटिमीटरचा, म्हणजे आमच्या घरातल्या मोठ्या परातीएवढा. पण ती दुर्बीण गोठवलेल्या हायड्रोजनमध्ये थंडगार ठेवलेली होती. ते आवश्यकच होतं. स्वतःच उबदार असलेल्या दुर्बिणीनं आकाशातली ऊब शोधायची म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसानं दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहायचा! २०११ च्या ऑगस्टमध्ये पहिले वाय तारे जाहीर झाले. त्याच वर्षी उपग्रहाला झोपवून ठेवलं होतं. २०१३ साली पुन्हा जागं केलं आणि त्यानं २०२४ च्या ऑगस्टपर्यंत इमानेइतबारे नोकरी केली. मी संगणकावर पाहत होतो ती चित्रं त्याचीच.

केव्हिन लूमन या शास्त्रज्ञानं याच चित्रांतून २०१३ साली साडेसहा प्रकाशवर्षांवरची तपकिरी ताऱ्यांची एक जोडी शोधली. जवळजवळ शंभर वर्षांत इतका जवळचा नवा शेजारी कुणाला सापडला नव्हता. पुढल्याच वर्षी त्यानं वासुकी तारकासमूहात ७.४ प्रकाशवर्षांवर आणखी एक शोधला. तेव्हाच्या अंदाजानुसार त्याचं तापमान उणे ४८ ते उणे १३ अंश! पुढच्या मोजमापांत हा आकडा काहीसा वर सरकला, तरी स्वेटर लागेलच. लाखो प्रकाशवर्षांवरल्या दीर्घिकांची नाव-गावं आम्हांला पाठ, आणि भिंतीपलीकडचा बिऱ्हाडकरू २०१४ साली कळतो. शहरात राहणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

वेचायची पद्धत ऐकायला सोपी आहे. पहिली गोष्ट रंग. उपग्रह निरनिराळ्या लांबीच्या अवरक्त लहरींत चित्रं घेतो. मिथेन त्यांतली एक लहर गिळून टाकतो, शेजारची सोडून देतो. म्हणून जो ठिपका एका चित्रात जवळजवळ पुसलेला आणि दुसऱ्यात ठसठशीत, त्यावर संशय घ्यायचा. दुसरी गोष्ट चाल. जवळचा तारा वर्षावर्षाला सरकलेला दिसतो. दूरचा जागचा हलत नाही. धुळीत गुरफटलेल्या कितीतरी दूरच्या दीर्घिका थंड ताऱ्याचं सोंग घेतात, पण त्या सरकत नाहीत, तिथंच पकडल्या जातात. तिसरी गोष्ट वर्णपट. तो मोठ्या दुर्बिणीवर काढतात, आणि त्याशिवाय वर्ग देत नाहीत. आमच्यासारख्यांचं काम दुसऱ्या पायरीवरचं. त्यातही फसगती पुष्कळ. तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतल्या दुर्बिणीत परावर्तित होऊन खोटे ठिपके उमटतात. शास्त्रज्ञ त्यांना खरोखरच 'भुतं' म्हणतात. रात्री अकरा वाजता आमच्या हिनं विचारावं, "काय सापडलं?" आणि मी म्हणावं, "चार भुतं."

माझ्या नावावर एकही तारा नाही. पण माझ्यासारख्याच हौशी लोकांनी वेचून दिलेल्या ठिपक्यांतून २०२० साली एकदम ९५ तपकिरी तारे जाहीर झाले. त्या दिवशी मी घरात पेढे आणले. कुणाच्या यशाचे, हे कुणी विचारलं नाही.

हे सारं वाचताना एक शब्द मात्र मला टोचत राहिला. इंग्रजी पुस्तकांतून तपकिरी ताऱ्याला सर्रास 'अपयशी तारा' म्हणतात. मी मास्तर, नापास शब्दाची मला सवय आहे. पण नापास व्हायला आधी परीक्षेला बसावं लागतं. ज्याच्या अंगी मुळात तेवढं वजनच नाही, त्यानं सूर्य व्हायचं कबूल कधी केलं होतं?

हे वाचलं की मला १९६१ चा फेब्रुवारी आठवतो. मी दहा वर्षांचा होतो. आमच्या ओसरीवर खानेसुमारीचे एक तरुण मास्तर येऊन बसले होते. आजोबा, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एकेकाची माहिती सांगत होते. वडील कारकून, काका दुकानात. मास्तरांनी दाराआड उभ्या असलेल्या आत्याकडे मान वळवून विचारलं, "आणि या काय करतात?"

"ती? ती काही करीत नाही. घरीच असते."

काम करणारे आणि काम न करणारे असे दोन खाने होते. मास्तरांनी नियमाप्रमाणे आत्याला दुसऱ्यात घातलं. त्यात त्यांची चूक काडीची नव्हती, आणि अण्णांच्याही मनात काही वाईट नव्हतं. लग्नानंतर तीन वर्षांत कपाळ पुसून माहेरी परतलेली बाई. तिचं स्वतःचं असं काही पेटलंच नाही, असंच सगळे समजत. मास्तरांच्या हातात चहाचा पेला होता. तो चहा ज्या विस्तवावर झाला होता, तो पहाटे आत्यानं राखेतून काढलेला होता. अकरा माणसांचं घर त्या विस्तवावर शिजत होतं. तिचं तिला काही वाटलं की नाही, ते मला कळलं नाही. ती दाराआडून म्हणाली ते एवढंच, "मास्तर, साखर बेताची झाली का?"

मी स्वतः मोजणीला जाऊ लागलो तेव्हा खान्यांचे नियम मीही पाळले, पाळावेच लागतात. पण प्रत्येक दाराशी "आणि आत कोण आहे?" हा प्रश्न मी दोनदा विचारीत असे. कितीदा तरी दुसऱ्यांदा विचारल्यावर एखादी आजी, एखादा आजारी दीर आतून निघे.

ज्यांना घर नाही त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री होते. १९९१ च्या त्या रात्री मी आणि माझा एक सहकारी बॅटरी घेऊन स्टेशनच्या बाजूला हिंडत होतो. एका हातगाडीखाली गोणपाटाचा ढीग होता. सहकारी म्हणाला, "चला, पोती आहेत." मला काय वाटलं कोण जाणे, मी वाकून हात पुढं केला. ऊब लागली. आत एक म्हातारा झोपलेला होता. आणि त्याच्या पलीकडे एका घोंगडीखाली एक बाई मोजली, तर घोंगडी हलली आणि तिच्या कुशीतलं पोर रडू लागलं. खाडाखोड करून एकाचे दोन केले.

२०२४ साली अशीच खाडाखोड आकाशातही झाली. तो १९९५ चा ग्लीझ २२९ बी वजनाच्या मानानं फारच मंद होता. हिशेब जुळत नव्हता. बारकाईनं पाहिलं तर ते दोघं निघाले, दर बारा दिवसांनी एकमेकांभोवती फिरणारे. तीस वर्षं एकाच नावावर दोघं नांदत होते!

आणि एक तर कुठल्याच खान्यात बसेना. डॅन कॅसेल्डन या हौशी निरीक्षकाला तो दुसरंच काही शोधताना निव्वळ योगायोगानं दिसला, म्हणून त्याचं नावच 'अ‍ॅक्सिडेंट' पडलं. काही लहरींत पाहावं तर अतिथंड, दुसऱ्या लहरींत पाहावं तर उबदार. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षं, वय बहुधा दहा अब्ज वर्षांहूनही जास्त. त्याच्या जन्मकाळी विश्वात कार्बनच थोडा होता, म्हणून मिथेन कमी, म्हणून खुणा वेगळ्या. २०२५ साली त्याच्या वातावरणात सिलेन नावाचा वायू सापडल्याचं जाहीर झालं. इतर तपकिरी ताऱ्यांत तो कधी दिसला नव्हता. सगळ्यांहून म्हातारा गडी. त्याला विचारलं तेव्हा त्यानं नवीच गोष्ट सांगितली.

२०२४ साली कर्कपॅट्रिक यांच्या मंडळींनी सूर्याभोवतीच्या ६५ प्रकाशवर्षांतल्या सुमारे ३६०० ताऱ्यांची आणि तपकिरी ताऱ्यांची यादी छापली. त्या निबंधाच्या मथळ्यातच 'सेन्सस' हा शब्द आहे. मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. लेखकांच्या बरोबरीनं त्यामागे हौशी लोकांची मेहनत आहे. हिशेब असा निघाला की दर चार ताऱ्यांमागे साधारण एक तपकिरी तारा. यादी पुरी झाली असं मात्र त्यांतलं कुणीच म्हणत नाही; सगळ्यांत थंड, सगळ्यांत मंद असे आणखी काही परसदारात असणारच.

दिवाळीच्या दिवसांत रात्र पडली की पूर्वेला कृत्तिका वर येतात. ज्यांच्यावरून कार्तिक महिन्याला नाव मिळालं त्याच. गच्चीवर आकाशकंदिलाचा उजेड आणि फटाक्यांचा धूर यांतून वाट काढून त्या शोधाव्या लागतात. गेल्या वर्षी जुईनं धाकट्या भावाला त्या दाखवल्या. तो बोट नाचवीत मोजू लागला आणि सहावर येऊन थांबला.

"आजोबा, सहाच आहेत?"

"दिसतात सहा," मी म्हणालो. "मोजणी अजून चालू आहे."